इचोड्यात टांगलेलं साहेबाचं सर्टिफिकेट

नागपूरच्या विमानतळाबाहेर आमचा ड्रायव्हर मारोती गाडी घेऊन उभा होता आणि त्याच्या हातातल्या पुठ्ठ्यावर ‘लोरेटा म्याडम, अमेरिका’ असं लिहिलेलं होतं. लोरेटा म्याडम त्याच्या समोरून दोनदा गेल्या. तिसऱ्यांदा त्या थांबल्या, पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं आणि मग स्वतःकडे. मारोतीनं नम्रपणे त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. तो अमेरिकेच्या बाईची वाट पाहत होता.

मी त्यांच्याच विमानानं आले होते. तोवर सामानाची ढकलगाडी घेऊन मागून पोहोचले, म्हणून बरं झालं. लोरेटाबाई सहासष्ट वर्षांच्या, उंच, बारीक कापलेले पांढरे केस, आणि रंग कोळशासारखा काळाभोर. मारोतीनं मला बाजूला घेऊन विचारलं, “म्याडम, ह्याच का? पक्कं ना?” मी म्हटलं, “पक्कं.” त्यानं बॅगा उचलल्या, पण नागपूर सुटेपर्यंत आरशातून तो मागच्या सीटकडे पाहत राहिला. आपली फसवणूक तर झाली नाही ना, असं त्याला वाटत असावं.

त्याला तरी कशाला हसू? आधी साताऱ्यात आमच्या घरी अमेरिकेची पाहुणी उतरणार म्हणून माझ्या वहिनीनं पडदे धुतले होते. अमेरिकेतल्या भाचीनं पाठवलेला फोटो पाहिल्यावर ती म्हणाली, “बरं झालं बाई, साधीच दिसते.” आपण रंगभेद मुळीच मानत नाही. लग्नाच्या जाहिरातीत तेवढा एक शब्द लिहितो, एवढंच.

मी पोटापाण्यासाठी भाषांतर करते. औषधाच्या बाटलीतल्या चिठ्ठ्या, सरकारी नोटिसा, क्वचित एखादं पुस्तक. लोरेटाबाई मिसिसिपी राज्यातल्या एका शाळेत ग्रंथपाल होत्या आणि माझी भाची त्याच शाळेत शिकवते. निवृत्त झाल्यावर बाईंना ना ताजमहाल पाहायचा होता ना वाघ. त्यांना आदिलाबाद जिल्ह्यातलं कापसाचं शेत पाहायचं होतं. भाचीनं मला फोन केला, “आत्या, दुभाषी म्हणून जाशील का?” मी नकाशात आदिलाबाद शोधलं आणि हो म्हटलं.

आदिलाबादच का, ते बाईंनी गाडीत सांगितलं. तोवर माझी समजूत अशी होती की अमेरिकेतल्या गुलामगिरीशी आपला काही संबंध नाही. आपल्याकडे आपली आपली व्यवस्था होती, ती आपल्याला पुरेशी होती.

लिव्हरपूलचे व्यापारी मोठे धर्मशील लोक. रविवारी प्रार्थनेला जायचे, अनाथाश्रमाला देणगी द्यायचे आणि उरलेले दिवस आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कापड, दारू, बंदुका देऊन माणसं घ्यायचे. त्या कापडातलं बरंचसं आपल्या देशातून गेलेलं असे, म्हणजे संबंध नाही असंही म्हणता येत नाही. माणसं अमेरिकेत विकायची, तिथली साखर आणि कापूस घेऊन घरी यायचं. पुढे त्यांच्या पार्लमेंटनं माणसांच्या व्यापारावर बंदी घातली. तेव्हा या मंडळींची सदसद्विवेकबुद्धी एकदम स्वच्छ झाली. आता ते माणसं विकत घेत नव्हते. विकत घेतलेल्या माणसांनी वेचलेला कापूस फक्त घेत होते. मग अमेरिकेत यादवी पेटली, बंदरं बंद झाली, कापूस अडकला. तेव्हा त्यांना अचानक वऱ्हाडाची आणि निजामाच्या मुलखाची (आदिलाबाद त्यातलंच) आठवण आली.

“माझ्या पणजीनं वेचायचा राहिलेला कापूस तुमच्या लोकांनी वेचला,” लोरेटाबाई म्हणाल्या. “मला तो दुसरा मळा बघायचा आहे.”

मी हे मारोतीला मराठीत सांगितलं. पांढरकवडा मागे पडल्यावर तो म्हणाला, “मंग ह्या आपल्याच मानूस झाल्या की जी.” त्यानंतर त्यानं आरशात पाहणं सोडलं.

पैनगंगेचा पूल ओलांडला की महाराष्ट्र संपतो. संपतो म्हणजे पाट्या बदलतात. कापूस तोच, काळी माती तीच, रस्त्यालगतच्या टपरीवरची भजी तीच. फक्त भज्यांची ‘बज्जी’ होते. मारोतीनं फोनवर कोणाला तरी सांगितलं, “पत्ती पाहाले आल्या अमेरिकेवरून.” मला वाटलं चहाची पत्ती. इतक्या लांबून चहासाठी कोण येईल, असं मी त्याला जरा तुसडेपणानंच म्हटलं. तेलुगूत पत्ती म्हणजे कापूस, हे त्यानं मला इतक्या सौजन्यानं सांगितलं की माझी भाषांतरकार म्हणून असलेली सगळी ऐट तिथेच उतरली.

आदिलाबादच्या लॉजवरचा कारकून मारोतीपेक्षा जास्त चौकस निघाला. पासपोर्ट त्यानं उजेडात धरून पाहिला, उलटा करून पाहिला. मग मला हळूच म्हणाला, “म्याडम, अमेरिकेचे लोक गोरे असतात.” मी म्हटलं, हो, तेही असतात. तरी त्यानं मालकाला बोलावलं. मालक आला, त्यानं पासपोर्ट पाहिला, बाईंना पाहिलं आणि निर्णय दिला, “देऊन टाक रूम. पन वरच्या मजल्यावरची.” वरच्या मजल्यावर गरम पाणी येत नव्हतं. लोरेटाबाईंना मी याचं भाषांतर करून सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, “नको सांगूस. ही भाषा मला येते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही इचोड्याला निघालो. इचोडा म्हणजे हैदराबाद रस्त्यावरचं ट्रकांचं गाव. दोन्ही बाजूंना टायरची दुकानं, ढाबे, खतबियाण्याची दुकानं आणि त्या सगळ्यांवर बसलेली एकसारखी धूळ. ढाब्यावर जोन्न रोट्टे (ज्वारीची भाकरी), भेंडीची भाजी आणि चवळीची उसळ होती. मी संकोचून म्हटलं, जेवण अगदीच साधं आहे. लोरेटाबाईंनी भेंडीचा एक तुकडा उचलला, चावला आणि थांबल्या.

“ही आमची आहे,” त्या म्हणाल्या.

मग भाकरीकडे बोट. “ही कशाची?” मी सांगितलं. “हीही आमची. आम्ही हिच्या दांड्याचा रस उकळून पाक करतो. आणि या चवळ्या तर आम्ही नव्या वर्षाच्या दिवशी खातो.” भेंडी, ज्वारी आणि चवळी, तिन्ही मूळची आफ्रिकेतली. आपल्याकडे ती कधीच येऊन घरची झाली. त्यांच्याकडे ती गुलामांच्या जहाजांतून गेली. ढाब्याच्या मालकानं विचारलं, बाईंना तिखट लागलं का, डोळ्याला पाणी आलं म्हणून. मी सांगितलं, तिखट लागलं. इतपत भाषांतर मला जमतं.

इचोड्यावरून बाजारहत्नूरचा रस्ता फुटतो. मारोतीची मावसबहीण तिकडच्या एका खेड्यात दिली आहे. तिच्याच गावच्या शेतात त्या दिवशी वेचणी चालली होती. दहा-बारा बायका ओळीनं पुढे सरकत होत्या. कमरेला बांधलेल्या ओटीत (कापडाच्या झोळीत) दोन्ही हातांनी कापूस पडत होता. त्यांच्यात सगळ्यांत पुढे होत्या गिरजाबाई. वय साठीचं, हिरवं लुगडं, अंगात पुरुषाचा जुना सदरा, डोक्याला फडकं. हात चालू ठेवूनच त्या म्हणाल्या, “या ना जी, या. बांधावरून काऊन पाहून राह्यल्या?”

मी उतरले. लोरेटाबाई उतरल्या नाहीत.

त्या बांधावर उभ्या राहिल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पांढऱ्याशुभ्र शेताकडे त्या पाहत होत्या आणि दोन्ही हात त्यांनी स्वतःच्या काखेत घट्ट दाबून धरले होते.

“सापाले भेतात का वो?” गिरजाबाईंनी मला विचारलं. “सांगा त्याईले, या शेतात नाई साप.”

मी बाईंजवळ गेले. त्या म्हणाल्या, “माझ्या आईनं लहानपणी वेचला. तिच्या आईनं वेचला. आईनं शपथ घेतली होती, माझ्या एकाही मुलीचा हात शेतातल्या कापसाला लागणार नाही. तिनं आम्हाला शिकवायला काय काय केलं, ते तुला सांगून कळायचं नाही. मी सहासष्ट वर्षं हात लावला नाही. आणि आता विमानाचं तिकीट काढून आले.” त्या थोडं हसल्या. “तिला हे आवडलं नसतं.”

मी हे गिरजाबाईंना सांगितलं, जसंच्या तसं. त्यांचे हात पहिल्यांदाच थांबले. त्या सरीतून चालत बांधापाशी आल्या, लोरेटाबाईंच्या समोर उभ्या राहिल्या आणि आपले दोन्ही पंजे उताणे करून दाखवले. नखांच्या कडेनं चिरा पडल्या होत्या, काही ताज्या, काही काळ्या पडलेल्या. बोंड उकललं की त्याचं सालपट वाळून टोकदार होतं, ते सारखं लागत राहतं.

“मायी पोरगीबी नाई येत वेचाले,” गिरजाबाई म्हणाल्या. “म्याच नाई येऊ देलं. निर्मल गावाले नर्स हाय. पन मी येतो. या तुमी. आईची शपथ पोरीले असते, बुढीले नाई.”

लोरेटाबाई उतरल्या. पहिलं बोंड त्यांनी चुकीचं धरलं आणि बोटाला टोचून घेतलं. गिरजाबाईंनी त्यांचा हात धरून दाखवलं, तीन बोटं कशी घालायची आणि कापूस एका झटक्यात कसा ओढायचा. मीही वेचायला गेले. माझ्या झोळीत कापसापेक्षा काडीकचरा जास्त पडला, तेव्हा गिरजाबाईंनी मला मोठ्या मायेनं बांधावर बसायला सांगितलं. “तुमी बोलाचंच काम करा, म्याडम.”

तेवढं मी केलं. दोघी वेचत होत्या आणि मी मधे बसून इकडचं तिकडे करत होते.

“तुमच्या पणजीले पगार किती देत?” गिरजाबाईंनी विचारलं.

“काहीच नाही. तिला विकत घेतलं होतं.”

“बापा!” मग थोड्या वेळानं, “मंग कापूस मोजत काऊन? फुकटचाच होता तं.”

“रोज संध्याकाळी मोजत. कालच्यापेक्षा कमी भरला तर चाबकाचे फटके.”

“आन जास्त भरला तं?”

“तर उद्यापासून रोज तेवढाच भरला पाहिजे.”

गिरजाबाई एकदम मोकळ्या हसल्या. “हे तं आमच्याकडंबी हाय! एक दिवस जिवाचं रान करून वेचलं का मालकाचा मुन्शी म्हंते, काल झालं, तं आज काऊन नाई झालं?” हसू थांबल्यावर त्या म्हणाल्या, “पन आमाले मारत नाई बा कोनी.” आणि पुढच्या झाडाकडे वळल्या.

निघताना त्यांनीच सांगितलं की उद्या इचोड्याला वसंतशेठच्या जिनिंगमध्ये (सरकी काढायच्या गिरणीत) कापूस खरेदीचा मुहूर्त आहे. पहिल्या गाडीला पाच वेचणाऱ्या बायकांनी ओवाळायची तिथली पद्धत, आणि यंदा त्या पाचांत गिरजाबाई होत्या. मारोतीनं लगेच वसंतशेठना फोन लावला. फोनवर त्यानं लोरेटाबाईंचं वर्णन ‘अमेरिकेच्या कापूसतज्ज्ञ’ असं केलं. मी दुरुस्ती करेपर्यंत त्या प्रमुख पाहुण्या झालेल्या होत्या.

वसंतशेठ पासष्टीचे, पांढरे कपडे, कपाळाला गंध, बोलायला लाघवी. त्यांनी बाईंकडे पाहून क्षणभर डोळे बारीक केले, पण प्रमुख पाहुणा जाहीर झाल्यावर रंग पाहत बसणाऱ्यांतले ते नव्हते. जिनिंगच्या आवारात छोटा मांडव होता, माईक होता, समोर शेतकरी, हमाल, आडते मिळून शंभरेक माणसं. एका बाजूला हातात तबकं घेऊन पाच बायका. कापसाचा टेम्पो फुलांच्या माळा लावून तयार. आणि मंचावर मध्यभागी, देवाच्या तसबिरीच्या शेजारी, एक काचेची फ्रेम. तिच्यात पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला एक कागद.

“साहेबाचं सर्टिफिकेट,” वसंतशेठ मला म्हणाले. “माये खापरपणजे हिंगणघाटाकडं कापसाचे दलाल होते. तवा लिवरपूलचा एक साहेब आलता. आमच्या खापरपणज्यावर येवढा खुश झाला का जाताना हे लिहून देल्लं. आमी दरसाल मुहूर्ताले पहिला हार यालेच घालतो. मंग देवाले.”

“काय लिहिलंय त्यात?”

“तारीफ हाय. पहिलाच शब्द हाय ना, ‘माय डिअर सर’. म्हंजे खापरपणजे. पुढचं अक्षर लइ वाकडं हाय, मायी नात कॉन्व्हेंटात हाय, तिलेबी नाई लागत.”

लिव्हरपूल हा शब्द लोरेटाबाईंनी ऐकला होता. वसंतशेठनी त्यांच्या हातात हार दिला, झेंडूचा, चांगला जाडजूड. हार हातात धरून त्या फ्रेमसमोर उभ्या राहिल्या आणि वाचायला लागल्या. आयुष्यभर पुस्तकांत काढलेली बाई. शिवाय आपल्या माणसांचा माग काढायला जुने मळ्यांचे कागद त्यांनी वर्षानुवर्षं चाळलेले. तसलं वाकडं अक्षर त्यांना छापल्यासारखं लागत होतं. त्या वाचत राहिल्या. हार घालेनात. लोक चुळबुळायला लागले. मग त्यांनी हार मंचाच्या टेबलावर ठेवला, माईकपाशी गेल्या आणि पत्र इंग्रजीत मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटी मला म्हणाल्या, “आता तू.”

ते पत्र खापरपणज्यांना लिहिलेलं नव्हतंच. साहेबानं ते लिव्हरपूलच्या आपल्या भागीदाराला लिहिलं होतं आणि पुढे पोचतं करायला बहुधा दलालाच्या हाती दिलं होतं. दलालानं ते आपलंच समजून ठेवून घेतलं. पत्रात साहेब म्हणत होता की इथला कापूस घाणेरडा आणि आखूड धाग्याचा आहे, पण लढाई चालू आहे तोवर घ्यावा लागेल. इथला एक नेटिव्ह दलाल सांगितलेलं निमूट ऐकतो आणि आपण ठरवू त्या भावात माल आणतो. सगळ्यांत सोय म्हणजे मजुरांची. अमेरिकेतल्या कॅरोलायनात माणूस विकत घ्या, त्याला खायला घाला, झोपडी द्या, वर मुकादम ठेवा. इथे यातलं काहीच लागत नाही. माणसं दिवस उगवायच्या आत आपण होऊन शेतात येतात, कारण भूक त्यांना आणते, आणि भुकेला पगार द्यावा लागत नाही. लढाई संपली की हा सगळा पसारा सोडून द्यावा, कोणाचं काही देणं ठेवू नये.

माईक माझ्या हातात होता. समोर शंभर माणसं हसऱ्या चेहऱ्यानं वाट पाहत होती. शेजारी वसंतशेठ हात जोडून उभे होते.

मी म्हटलं, “साहेब लिहितात, इथला दलाल फार आज्ञाधारक आणि भरवशाचा माणूस आहे. आणि इथले लोक इतके कष्टाळू, की दिवस उगवायच्या आत कामाला हजर असतात.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. तसा यात एकही शब्द धडधडीत खोटा नव्हता. साठीला येईपर्यंत भाषांतर केलं की ही कला आपोआप अंगी येते.

लोरेटाबाईंनी टाळ्या संपू दिल्या. मग माईकवर हात ठेवून मला विचारलं, “टाळ्या कशाला वाजल्या?”

मी टेबलावरचा हार सरळ करू लागले.

“मी जे वाचलं, त्यावर कोणी टाळ्या वाजवणार नाही. तू काय सांगितलंस?”

मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या म्हणाल्या, “हे गाव यांचं आहे. सांगायचं की नाही, ते तू ठरव. मी उद्या-परवा जाईन. पण या लोकांना वाटतंय की त्या माणसाचं कौतुक मी केलं. माझ्या तोंडात तेवढं ठेवू नकोस.”

मंचावर उभं राहून मी वसंतशेठकडे पाहिलं. भला माणूस. सकाळी आमच्यासाठी त्यांनी खास बिनतिखटाचे पोहे करायला सांगितले होते. असल्या माणसाचं त्याच्याच मांडवात नाक कापायचं, हे माझ्यानं होईना. आणि समोर तबक घेऊन गिरजाबाई उभ्या होत्या. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या, दोन्ही हात तबकात अडकले होते म्हणून. पण हसत मात्र होत्या. साहेबानं आपल्याला कष्टाळू म्हटलं म्हणून.

ते हसू मला पाहवेना. मी माईक घेतला. म्हटलं, “मी चुकीचं सांगितलं. माफ करा. आता बरोबर सांगते.” आणि ओळीमागून ओळ सगळं सांगितलं. ‘भुकेला पगार द्यावा लागत नाही’ हे तर दोनदा सांगितलं.

तबकं धरलेल्या बायकांतून गिरजाबाईंचा आवाज आला. भांडायचा नव्हता, नुसता विचारायचा होता. “मंग शेठजी, याले दरसाल हार कायले घालत होते जी?”

एक हमाल हसला. मग दोघे-तिघे हसले. वसंतशेठचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी टेबलावरचा हार उचलला, फ्रेमकडे पाहिलं, हातातल्या हाराकडे पाहिलं. मग मंचावरून खाली उतरले आणि हार टेम्पोच्या बोनेटवर टाकला. “ओवाळा,” बायकांना म्हणाले. “मुहूर्त टळून राह्यला.”

मुहूर्त झाला, नारळ फुटला, काटा सुरू झाला. अशा वेळी धंदा थांबत नाही, हे त्यातल्या त्यात बरं असतं.

आम्हाला वाटलं होतं, आता जेवायला कोण विचारतं. पण वसंतशेठ स्वतः बोलवायला आले. पानावर बसल्यावर बराच वेळ त्यांनी भात कालवला आणि खाल्ला नाही. मग मला विचारलं, “म्याडम, त्या कागदात माया खापरपणज्याचं नाव तरी हाय का?”

“नाही,” मी म्हटलं. “नुसतं ‘नेटिव्ह दलाल’.”

“एकदाबी नाई?”

“एकदाही नाही.”

शिव्या पचवता आल्या असत्या, पण हे त्यांना लागलं. लोरेटाबाईंनी विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं. त्या वसंतशेठकडे वळल्या आणि सावकाश बोलल्या, मला भाषांतराला वेळ मिळेल अशा बेतानं. “मला मळेवाल्याच्या वहीत माझी पणजी सापडली. तिच्यापुढे लिहिलंय: मुलगी, वय अंदाजे अकरा, बोटं चपळ. नाव नाही. खाली गायींची यादी आहे. त्यांना नावं आहेत.”

वसंतशेठनी घास खाली ठेवला. “नाव काय होतं त्याइचं?”

“हॅना. आईनं सांगितलं होतं.”

“आमच्या खापरपणज्याचं लक्ष्मण,” ते म्हणाले. जरा थांबून पुन्हा म्हणाले, “लक्ष्मण.” जसं काही ते कोणीतरी लिहून घेणार होतं. मग त्यांनी बाईंच्या पानात आग्रहानं अजून एक पुरी वाढली.

दारापाशी चपला घालताना मला गिरजाबाई दिसल्या. ओवाळणाऱ्या बायकांना ब्लाउजपीस आणि नारळ मिळाला होता, ते घेऊन त्या टेम्पोची वाट पाहत होत्या. लोरेटाबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. मला पहिल्यांदाच काम नव्हतं. मी नंतर विचारलं, वेचणीचा दर यंदा वाढणार का? गिरजाबाई म्हणाल्या, “कायले वाढते? आमी येतोच ना.”

दोन दिवसांनी लोरेटाबाई नागपूरहून गेल्या. मारोतीनं त्यांना वाकून नमस्कार केला आणि दोन्ही बॅगा आतपर्यंत नेऊन दिल्या. मी रेल्वेनं साताऱ्याला आले. वहिनीनं विचारलं, तिकडे पाहण्यासारखं काय आहे? मी म्हटलं, कापूस. ती म्हणाली, “एवढंच?” घालायच्या साडीपासून देवाच्या वातीपर्यंत घरभर कापूस आहे. तो कोणीतरी एकेक बोंडातून ओढून काढला आहे, हे मला साठाव्या वर्षी कळलं, हे तिला कसं सांगणार? आपण कधी विचारलं नाही आणि आपल्याला कोणी सांगितलं नाही. मधे जे भाषांतर करणारे असतात, त्यांचं काम चोख चाललेलं असतं.

तीन आठवड्यांनी वसंतशेठचा फोन आला. “म्याडम, त्या कागदाचं मराठी टाइप करून पाठवा. लावाचं हाय. पन ‘नेटिव्ह दलाल’च्या जागी खापरपणज्याचं नाव घाला.”

मी म्हटलं, पत्रात नाही ते मला घालता येत नाही.

“पन मानूस तं होता ना तो?”

मी भाषांतर जसंच्या तसं केलं आणि खाली दोन ओळी वेगळ्या लिहिल्या: ‘या दलालाचं नाव लक्ष्मण. कापूस वेचणाऱ्यांची नावं पत्रात नाहीत, आणि आम्हीही ती कधी विचारली नाहीत.’ पुन्हा फोन आला. पहिली ओळ छान आहे, दुसरी काढता येईल का? मी नाही म्हटलं. पलीकडे काट्यावरचा गलका ऐकू येत होता. मग ते म्हणाले, “राहू द्या मंग.”

त्यांनी शब्द पाळला. मारोतीनं परवा मला फोटो पाठवला आहे. नवी फ्रेम, चांगली सागवानी, काट्याच्या खोलीत लावली आहे, दाराच्या मागच्या भिंतीवर. दार लावलं की ती स्पष्ट वाचता येते. हंगामात ते दार दिवसभर उघडंच असतं.